काच बघायच्या आधी

सोलापुरात आजारी माणसाच्या नातेवाइकाला फुप्फुस नेमकं कुठं असतं ते विचारलंत, तर तो छातीवर हात फिरवत बसेल. पण ‘काउंट’ म्हणजे काय, हे त्याला विचारायची सोय नाही. काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा, त्याला पाठ असतो. काल बावीस हजार होता, आज अठरा आला, म्हणजे उतरला, म्हणजे बरं आहे. चढला तर वाईट. रिक्षावाला हेच सांगतो, टॉवेलच्या घड्या घालणारी बाई हेच सांगते, आणि शाळेतला मास्तरही हेच सांगतो. आता हे सगळ्यांना शिकवलं कोणी? चांदसाबसारख्या खिडकीवाल्यांनी. दुसरं कोण शिकवणार?

सात रस्त्यापासून चालत पाच मिनिटांवर एक दवाखाना आहे. त्याच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, रक्त तपासायची खोली आहे आणि त्या खोलीला हातभर खिडकी आहे. वर आयसीयूत सिस्टर रक्त काढते, छोट्या ट्यूबमध्ये भरते, आणि ते सँपल नातेवाइकाच्याच हातात देते. म्हणते, जा, खाली देऊन या. मग ते सँपल मुठीत धरून, कुणी पदराखाली झाकून, कुणी शर्टाच्या खिशात टाकून माणसं जिना उतरतात आणि खिडकीशी उभी राहतात. तासाभरानं कागद न्यायला तीच माणसं पुन्हा येतात आणि कागद हातात पडायच्या आधीच विचारतात, “काय आलं, साहेब?”

खिडकीच्या वर मोठ्या अक्षरांत पाटी आहे, की रिपोर्टबाबत डॉक्टरांनाच विचारावे. त्या पाटीच्या बरोबर खाली बसून चांदसाबनं तीस वर्षं तो नियम मोडला. मोडणार नाही तर काय करणार? डॉक्टर राउंडला येणार संध्याकाळी, आणि समोर उभ्या बाईचे ओठ सुकलेले असतात. तिला एक शब्द हवा असतो. तो शब्द द्यायला डिग्री लागत नाही, असं चांदसाबचं म्हणणं होतं, आणि तिथंच त्याचं चुकत होतं. पण ते पुढं.

माणूस तसा तिरसट. कुणी खिडकीची काच टकटक वाजवली की खेकसायचा, “दार हाय का ते? वाजवायला काय घेतलंय?” रांग मोडली की सँपल परत हातात द्यायचा. पण त्याच्या कामाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. बाप अक्कलकोट रोडला मागावर टॉवेल विणायचा. चांदसाब दहावीत आपटला, तेव्हा बापानं त्याला मागावर न घेता एका म्हाताऱ्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरकडं बाटल्या धुवायला लावला. त्या डॉक्टरनं त्याला सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. रक्ताचा थेंब काचपट्टीवर कसा ओढायचा, किती वाळू द्यायचा, रंग किती मिनिटं ठेवायचा, आणि मग डोळा लावून शंभर पांढऱ्या पेशी एकेक करून कशा मोजायच्या, हे सगळं त्यानं मारून-मुटकून शिकवलं. हाताखाली खटक्यांचं छोटं यंत्र. पॉली जातीची पेशी दिसली की एक खटका, लिंफो जातीची दिसली की दुसरा. परीक्षा त्यानं नंतर दिली, पण हात आधीच बसला होता.

पुढं मोठी मशीनं आली. रक्त लावलं की मिनिटात कागद. बाकीच्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली काच बघायचं सोडून दिलं, चांदसाबनं नाही सोडलं. आयसीयूतला पेशंट असला की काच बघितल्याशिवाय तो तोंड उघडायचा नाही. खिडकीतून हात वर करायचा आणि म्हणायचा, “थांबा. काच बघू दे.” मंत्र्याचा माणूस असला तरी थांबायचा. असा त्याचा नेम, आणि त्या नेमाचा त्याला गर्वही होता, उगाच खोटं कशाला बोला.

दोन वर्षांपूर्वी वरच्या आयसीयूत डॉक्टर इफ्रा आली. वय जेमतेम तेहेतीस, चष्मा, बोलणं तुटक. शरीरात कुठंतरी जंतूंचा संसर्ग होतो, तो रक्तात उतरतो आणि मग काहींची फुप्फुसं पाण्यानं भरून जातात. अशा पेशंटांच्या रक्तात आधीच काही खुणा दिसतात का, की कोण तगेल आणि कोण नाही, याचा ती अभ्यास करत होती. भरती झाल्यावर पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी ती एक जादा सँपल घ्यायची आणि चांदसाब ते बर्फाच्या डब्यात बांधून पुण्याला पाठवायचा. बाकी आयसीयूवाल्या डॉक्टरांना खालच्या खोलीचं तोंड माहीत नव्हतं. ही मात्र खाली येऊन स्टुलावर बसायची, त्याच्या काचा बघायची आणि त्याला ‘चांदचाचा’ म्हणायची.

“चाचा, लढाई दोन तऱ्हेनं थांबते,” एकदा तिनं समजावलं होतं. “एक, शत्रू संपतो. दोन, आपलीच माणसं संपतात. दोन्ही वेळा मैदान शांतच दिसतं. नुसता टोटल काउंट बघितला तर फरक कळत नाही.”

“काचेवर कळतो की,” चांदसाब म्हणाला. “लिंफो दिसतच नाहीत. आणि पॉली सगळ्या कच्च्या. पोरांना लढाईला पाठवलंय असं वाटतं.”

ती हसली नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, की काही पांढऱ्या पेशी बाकीच्यांना शत्रू ओळखून दाखवतात, त्यांच्या अंगावरची एक खूण मी पुण्यात मोजून घेते; ती उतरली म्हणजे समजायचं की दाखवणारेही थकलेत. “पण चाचा, हे शंभर माणसांचं गणित आहे. शंभरातले सत्तर गेले असं मला सांगता येतं. समोरचा एक माणूस त्या सत्तरातला की तिसातला, ते नाही सांगता येत. नातेवाइकांना कधी सांगू नका.”

“मी कशाला सांगतोय,” चांदसाब म्हणाला.

आता सिद्धलिंगप्पाचं ऐका. अक्कलकोट रोडला एका ओळीत बांधलेली घरं, त्यात चांदसाबच्या आणि सिद्धलिंगप्पाच्या घराची भिंत एक. एकतीस वर्षं. यांच्या घरची ईद त्यांच्या पोरीनं खाल्ली, त्यांच्या घरची होळीची पोळी यांच्या ताटात आली. सिद्धलिंगप्पा एमआयडीसीत जॉबर होता. माग अडला की त्याच्या पोटाखाली शिरून पाना फिरवणारा तो जॉबर. माग कुठं आजारी आहे ते त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं, आणि स्वतःचं अंग मात्र कधी कळलं नाही. एकसष्टावं चालू, साखर पंधरा वर्षांची, गोळ्या आठवण आली तर.

मागाचं लोखंडी वजन उजव्या अंगठ्यावर पडलं. नख काळं झालं, मग बाजूनं पू आला. हळद भरली, चिंधी बांधली, कामावर गेला. चांदसाब आठ दिवस मागं लागला होता.

“दवाखान्यात चल. पाय सडंल तुझा.”

“का बे चांद्या, खिडकीवर गिऱ्हाईक कमी पडलंय व्हय?” सिद्धलिंगप्पा म्हणायचा. “दवाखान्यात गेलं की आदी कापत्यात, मग विचारत्यात.”

गुरुवारी सकाळी त्याला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, आणि मग तो कानडीतच काहीबाही बरळायला लागला. ईरम्मानं, त्याच्या बायकोनं, भिंत ठोठावली. चांदसाबनं रिक्षा आणली. रिक्षात सिद्धलिंगप्पा शुद्धीवर आला आणि बायकोला म्हणाला, “एनू आगल्ल.” काही होत नाही. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना त्याला एका दमात तीन शब्द बोलता येईनात.

डॉक्टर इफ्रानं बघितलं आणि चांदसाबला बाजूला घेतलं. पायातला जंतू रक्तात गेला होता आणि आता दोन्ही फुप्फुसांत पाणी उतरत होतं. नाकातोंडाला मास्क लावून जोरात ऑक्सिजन सुरू केला होता. त्यानं भागलं नाही तर घशात नळी घालून श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागणार. नळी घातली की माणसाला गुंगीत ठेवतात आणि बोलणं बंद.

काउंट एकतीस हजार आला.

आता त्यांची एकुलती एक मुलगी, चंद्रिका. ती विजापूरला सासरी. दुसरं बाळंतपण तिकडंच झालेलं, मुलगा झाला त्याला बावीस दिवस झाले होते. सिद्धलिंगप्पानं नातू अजून बघितला नव्हता. पाय बरा झाला की जायचं म्हणून कुंची शिवून आणली होती. आणि ईरम्मानं मुलीला फोनवर सांगितलं होतं, की बाबांच्या पायाला जरा लागलंय, घरीच आहेत. कारण बाळंतिणीला वाईट सांगत नाहीत. धास्ती घेतली की दूध आटतं. ईरम्माच्या आईनं तिला हेच सांगितलं होतं, आणि तिच्या चुलतबहिणीचं दूध भाऊ गेल्याचं कळल्यावर खरंच आटलं होतं. मग मूल वरच्या दुधावर जगलं नाही. ईरम्मानं ते डोळ्यांनी बघितलेलं. तिला अडाणी म्हणून मोकळे होऊ नका.

फोन लावून व्हिडिओवर दाखवायचीही सोय नव्हती. तोंडावर मास्क, बाजूला यंत्रांचा गजर. मुलीला एका क्षणात सगळं कळलं असतं. पण सिद्धलिंगप्पा मास्कखालून दर वेळी एकच विचारायचा, “चंद्री आली?”

शुक्रवारी घरी जेवताना चांदसाबची बायको मदिनाबी म्हणाली, “बच्ची कू बुला लेव बोलो जी उनों कू. बाप है उसका.”

“बाणंती है वो. दूध सूख गया तो?”

“दूध का अल्ला देख लेंगा. बाप फिर नहीं दिखेंगा.”

“तेरे कू काउंट समझता क्या?” चांदसाब तिच्यावर उखडला आणि ताटावरून उठला. खरं तर त्याला स्वतःलाच काही समजेनासं झालं होतं. शुक्रवारी काउंट एकोणतीस हजार होता, काचेवर लिंफो कमी होत्या पण होत्या. ना इकडं ना तिकडं.

शनिवार उजाडला. सकाळच्या वेळी दवाखान्यात ही गर्दी. अकराच्या सुमाराला ईरम्मा सँपल घेऊन खाली आली. तीन दिवस तिनं अंगावरचं लुगडं बदललं नव्हतं, पोटात चहाशिवाय काही नव्हतं. रांगेत उभी राहिली. चांदसाबनं तिला बघून सगळ्यांची सँपलं बाजूला सारली आणि तिचं आधी लावलं.

“अण्णा,” ती म्हणाली, “रातभर झोप न्हाय ह्यांना. सारकं चंद्री चंद्री. डाक्टरीण म्हणती आजचा दिवस बघू. मी काय करू, सांगा तुमी. जावयाला फोन लावून ठिवलाय, जीप घेऊन निघतो म्हणतोय. पण पोरीला काय म्हणून आणू? आणि तिला बघून हे काय समजतील? मला बोलवलंय म्हंजे मी चाललो, असंच समजतील की.”

हातात मोबाईल होता तिच्या. पलीकडं मडिवाळप्पा, जावई, थांबलेला.

मशीननं कागद बाहेर काढला. नऊ हजार आठशे.

चांदसाबनं आकडा बघितला आणि कागद कपाळाला लावला. आनंदानं. एकतीस, एकोणतीस, आणि आज नऊ आठशे. नॉर्मल. दुसऱ्या कुणाचा असता तर त्याच्या भुवया वर गेल्या असत्या, की एका दिवसात एवढा उतरतो कसा? शिवाय त्याच कागदावर, पॉली किती आणि लिंफो किती त्या रकान्यात, मशीननं आकडे न देता फुल्या मारल्या होत्या. म्हणजे मशीन सांगत होतं, मला हे जमत नाही, तुम्ही काच बघा. फुल्या त्यानं बघितल्या. काचही ओढलेली होती, बाजूला वाळत पडली होती. वाळून, रंगून डोळ्याखाली यायला अजून वीस मिनिटं. तीस वर्षांत हजारो लोकांना त्यानं ती वीस मिनिटं थांबवलं होतं.

“वैनी,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला, “उतरला. नऊ हजार. एकदम नॉर्मल.”

“मग पोरीला?”

“नको. कशाला बाळंतिणीला धक्के खायला लावता? पुढच्या महिन्यात बाळ घेऊन येऊ दे की.”

ईरम्मानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग तिथंच फोनवर जावयाला म्हणाली, “नको येऊ, बाबा. काउंट उतरला. अण्णा सोता म्हणाले.” आणि इतकी भराभर जिना चढून गेली की मागच्या माणसाला वाटलं काहीतरी घडलं म्हणून.

रांग उरकून सव्वाबाराला चांदसाबनं काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

पहिल्याच नजरेत दिसलं, कालच्या मानानं मैदान ओसाड. इकडं एक पॉली, तिकडं एक, आणि ज्या होत्या त्या सगळ्या कच्च्या, अंगभर काळे ठिपके, आत फुगे धरलेल्या. लिंफोच्या खटक्यावर बोट ठेवून तो बसला आणि खटका वाजेचना. शंभर पेशींत दोन वाजल्या. त्यानं दुसरी काच ओढली, रंगवली, दोनशे मोजल्या. तीन. शत्रू संपला नव्हता. सिद्धलिंगप्पाची माणसं संपली होती.

त्यानं वर फोन केला. हातून चूक झाली म्हणून काम लपवणारा तो नव्हता.

“मला शंका होतीच,” डॉक्टर इफ्रा म्हणाली. “श्वास मिनिटाला पस्तीसवर गेलाय. पुण्याचाही फोन आलाय, पहिल्या दिवसाची खूण फार खाली आहे. चाचा, आज नळी घालावी लागेल. मी अजून रेटून बघते, पण दुपारच्या पुढं काढता येईल असं वाटत नाही. घरच्यांशी बोलते मी.”

“घरच्यांशी मी पन बोलतो,” चांदसाब म्हणाला.

आणि तो गेलाही. जिना चढला. आयसीयूच्या बाहेर बाकावर ईरम्मा बसली होती. मदिनाबीनं सकाळी दिलेला डबा तिनं उघडला होता, भाकरीचा तुकडा मोडला होता, शेंगाची चटणी बोटाला लागली होती. तीन दिवसांनी पहिला घास. चांदसाबला बघून तिचा चेहरा असा फुलला की त्याला पाय पुढं टाकवेना.

“या अण्णा, बसा. ह्यांना सांगितलं मी आत जाऊन. काउंट उतरला म्हणून. हसले की. म्हणाले, मग नको तिला, पुढच्या महिन्यात येऊ दे.” तिनं भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातात दिली. “घ्या. तुमी बी उपाशीच असाल.”

जेवू दे बाईला, असं त्याला वाटलं. एवढा घास पोटात जाऊ दे, मग सांगू. हे दयेचं वाटतं ना? मला विचाराल तर दया नव्हती ती. भित्रेपणा होता. आपल्या तोंडून गेलेला शब्द आपल्याच तोंडानं परत घ्यायचा, आणि तोही हिच्यासमोर, हे त्याला झेपेना. तो बसला. त्यानं भाकरी खाल्ली. ती नातवाबद्दल बोलत होती, कुणावर गेलाय ते सांगत होती, आणि हा ‘व्हय, व्हय’ करत होता. भाकरी संपली. खालून हाक आली, खिडकीवर रांग लागली होती. “येतो जरा,” म्हणून तो खाली उतरला. तोंडाला कुलूप तसंच.

खाली मशीन अडलं, मग गर्दी, मग आणखी गर्दी. मधे दोनदा तो उठला आणि दोनदा बसला. चार वाजता तो वर आला तेव्हा आयसीयूचं दार बंद होतं आणि आत नळी घालून झाली होती.

ईरम्मा भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टर इफ्रा समोर.

“मी यांना दोन वाजता सांगितलं होतं,” इफ्रा म्हणाली. तिचा आवाज ताणलेला होता. “तब्येत बिघडतेय, नळी घालायची वेळ येईल, कुणाला बोलवायचं असेल तर आत्ता बोलवा, ते बोलतायत तोवर बोलून घ्या. या नको म्हणाल्या.”

“डाक्टर लोक घाबरवत्यातच,” ईरम्मा चांदसाबकडं बघत म्हणाली. “मी म्हटलं, आमच्या अण्णांनी सोता मशीन बघून सांगितलंय. तुमचा शब्द असताना दुसऱ्याचं कशाला ऐकू?”

चांदसाब एवढंच म्हणाला, “चंद्रीला बोलवा.”

सूर्य मावळताना चंद्रिका आली. कानाला फडकं बांधलेली, अंगावर शाल, कुशीत बाळ. बाळाला बाहेर ईरम्माकडं देऊन ती आत गेली. बापाच्या घशात नळी, डोळ्यांवर पट्टी, हात बांधलेले. ती त्याच्या कानाशी ‘अप्पा, अप्पा’ म्हणत राहिली. सिस्टर म्हणाली, ऐकू येत असेल, बोला तुम्ही. ऐकू येत होतं की नव्हतं, कोण जाणे.

सोमवारी सकाळी नऊ वाजता सिद्धलिंगप्पा गेला. त्यांच्यात बसवून माती देतात, तशी दिली. चांदसाबनंही मूठभर माती टाकली आणि बाजूला जाऊन उभा राहिला. डॉक्टर इफ्रानं आपल्या वहीत त्याच्या नंबरापुढं काय लिहायचं ते लिहिलं. चांदसाबला तिनं एवढंच सांगितलं, की मुलगी शनिवारी दुपारी आली असती तरी ते वाचले नसते. त्याला ते ठाऊक होतं. वाचवायचा प्रश्नच नव्हता.

पाचव्या दिवशी तो शेजारी गेला. चार दिवस मदिनाबीच जात-येत होती, हा उंबऱ्यातून माघारी फिरत होता. चंद्रिका भिंतीशी बाळ घेऊन बसली होती. ईरम्मानं त्याच्यापुढं चहाचा कप ठेवला आणि आपण दारात टेकली.

“काका,” चंद्रिका म्हणाली. रागानं नाही, थकून. “आई म्हणती, तुमी बोलवू नका म्हणाला. मशीननं चुकीचं दाखवलं का?”

वाट मोकळी होती. व्हय म्हणायचं, मशीनं काय, चुकतात. सगळ्यांना पटलं असतं. ईरम्मा मान हलवायला तयारच बसली होती.

“न्हाय,” चांदसाब म्हणाला. “मशीननं फुल्या मारल्या होत्या. काच बघा म्हणून. मी काच बघायच्या आदी बोललो. तुझा बाप होता म्हणून मला धीर धरवला न्हाय.”

“मग काच कधी बघितली?”

“सव्वाबाराला.”

“आणि नळी घातली चारला.” ती बाळाला थोपटत होती, तिचा हात थांबला. “म्हंजे पावणेचार तास होते, काका. आमी विजापूरहून अडीच तासांत आलो. मग तुमी आईला सांगितलं का न्हाय?”

“वर आलो होतो. वैनी जेवत होत्या. सांगायचं म्हणून आलो आणि भाकरी खाल्ली. खाताना मोजलं बी होतं, की आत्ता निघाली तर सव्वातीनला पोचती. मोजलं आणि गप बसलो.”

चंद्रिकानं बाळ छातीशी लावलं आणि पाठ फिरवून बसली. ईरम्मा दारातून उठली. चांदसाबपुढचा चहा अजून भरलेलाच होता, त्याच्यावर साय धरली होती. तिनं तो कप उचलला, मोरीत ओतला, आणि विसळून फळीवर पालथा घातला.

“जावा, अण्णा,” ती म्हणाली. “आता जावा तुमी.”